कंपनीची भाकरी

महाड
१८ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. रखमाआत्यास,
प्रियदर्शिनीचा सा. न. वि. वि.

टोपली वेळेवर पोचली. दीपक कंडक्टरने स्वतःच्या सीटखाली ठेवून आणली आणि हातात देताना मला बजावलं, की फडकं घट्ट बांधायला सांगा, वासाने गाडीतल्या माणसांना भूक लागते. सरिता स्टँडवर उभीच होती. टोपली रिक्षात घालून ती तशीच एमआयडीसीत गेली. ज्या कंपनीत तिची खाणावळ आहे, तिथे आता तुझ्या भाकरीशिवाय पान हलत नाही. तिने वाढीव भाकऱ्या मागितल्या आहेत, पण लगेच हो म्हणू नकोस. मनगट दुखतं असं मागच्या पत्रात तूच लिहिलं होतंस.

फोन घे, हे आता म्हणत नाही. तुमच्या वाडीत रेंज फक्त देवळाच्या सड्यावर, त्या वरच्या उघड्या कातळावर, सड्यावर गावकीची माणसं, आणि तिथे तू पाय ठेवणार नाहीस, हे मला पाठ झालं आहे. रिकाम्या टोपलीतून पत्र, हेच आपलं टपाल. विनीत म्हणतो, त्याला सासुरवाडीकडून कधी पत्र आलं नाही आणि बायकोला मात्र रोज भाकरीसोबत येतं.

आता वर्गातली गंमत सांगते. अकरावीला मी फळ्यावर ‘कंपनी’ हा शब्द लिहिला आणि अर्थ विचारले. अर्ध्या वर्गाने सांगितलं, बाबा जिथे शिफ्टला जातात आणि संध्याकाळी जिचा वास येतो ती. शिवथरची एक मुलगी म्हणाली, इंग्रज जिच्या नावाने आले ती. एकाचा मामा लष्करात आहे, तो म्हणाला शे-सव्वाशे जवानांची तुकडी. मागच्या बाकावरच्या एकाने सांगितलं, की काका मुंबईहून आले की वडिलांना कंपनी द्या म्हणतात आणि मग दोघे दार लावून बसतात. वर्ग हसून हसून लोळला.

सगळे बरोबर, असं म्हटलं मी. मग मूळ सांगितलं. हा शब्द लॅटिनमधून आला, दोन तुकड्यांचा. एकाचा अर्थ सोबत, दुसऱ्याचा अर्थ भाकरी. एका भाकरीतलं मोडून जे खातात ते एकमेकांचे सोबती, ती त्यांची कंपनी. त्यातून शिपायांची झाली, व्यापाऱ्यांची झाली, नाटकवाल्यांची झाली, आणि शेवटी चिमणी लावून आपल्या महाडात आली. आपला पावसुद्धा पोर्तुगिजांच्या हातून त्याच घरातून आलेला. पोरांना मजा वाटली. मला मात्र फळ्यापुढे तू दिसलीस. तुमच्या वाडीतल्या गणूने पंचायतीला गावकीच्या उमेदवाराविरुद्ध फॉर्म भरला म्हणून त्याला वाळीत टाकलं, आणि तू त्याच्या उंबऱ्यावर बसून त्याच्याबरोबर भाकरी खाल्लीस म्हणून तुला.

आत्या, तक्रार अजून करता येते. बहिष्काराविरुद्ध कायदा आहे. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो.

एक सांगायचं राहिलं. तुझ्या दिराचा यशराज सरिताच्याच कंपनीत लागला आहे. तुमच्या वाडीतल्या बहुतेक घरांची पोरं तिथेच आहेत आणि सगळी तिच्याकडे जेवतात. भाकरी कुणाची ते त्यांना माहीत नाही. मी सरिताला सांगून ठेवलं आहे, नाव काढू नकोस, नाहीतर गिऱ्हाईक तुटेल.

माया वाढती असू दे, राग थोडा उतरता असू दे.
तुझी,
प्रियू


वरची उंबरवाडी
२१ नोव्हेंबर

चि. प्रियूला आत्याचे अ. उ. आ.

पत्र चुलीपुढं बसून दोनदा वाचलं. पयल्यांदा हसले, दुसऱ्यांदा नाय हसले.

कंपनी मला नको शिकवू गो. लग्न होऊन नाते गावावरनं हितं आले तेव्हा सांगितलं, नवरा कंपनीत हाय. मला वाटलं मुंबईची गिरण असंल. तर तुझे मामा लष्करात. पत्रात लिहायचे, आमची कंपनी वर बर्फात गेली, आमची कंपनी खाली आली. सुट्टीवर आले की सांगायचे, ज्याच्यासंगं एका लंगरात जेवलो तो पडला तर त्याला टाकून माघारी यायचं नसतं, वरून गोळ्या येऊ देत.

आणि त्या माणसाची तिरडी कशी निघाली ते तुला सांगायला नको, तूच एका दांड्याखाली होतीस. तू, जावई, गणू आणि चौथी मी. आख्खी वाडी दारं लावून आत. ज्यांच्या घरच्या मयताला हे दर वेळी पुढं असायचे, त्यातला एक पण बाहेर आला नाय. नवऱ्याला खांदा देणारी बाई तू कुठं बघितलीस? मी पण नव्हती बघितली.

ठराव माझ्या दिरानंच बोलून दाखवला होता. देवळात उभं राहून भिकाजी बोलला, हिच्याशी जो बोलेल, हिच्या चुलीचं जो खाईल, तो हिच्यासंगं बाहेर. मी लग्न होऊन आले तेव्हा तो एवढासा होता. सासूला दिसायचं नाय, म्हणून त्याला मी भरवलाय. त्या तोंडानं तो हे बोलला.

तुझा कायदा चांगला असंल. पण पोलीस आले की भिकाजी चार दिवस आत जाईल, हार घालून बाहेर येईल आणि पुढाऱ्यासारखा मिरवंल. मला ते नको. तू न्याय न्याय करतेस, तो तुला लखलाभ. मला सूड पायजे, आणि तो कसला ते पण ठरवून ठेवलंय. जे जे तिरडीला आले नाय, ते ते माझ्या अंगणात ह्यांच्या नावानं जेवायला बसले पायजेत. आख्खी वाडी. तोवर मी मरत नाय.

पत्राच्या शेवटी तू जे लिहिलंस, त्याच्यावर मी रात्रंदिस विचार करतेय. बघ कशी चूक केली शहाण्यांनी. माझं विहिरीचं पाणी बंद केलं, इस्तव बंद केला, हळदीकुंकू बंद केलं. पण कंपनीत जेवलं ते कुणाच्या चुलीचं नाय, असं त्यांना वाटतं. तिकडं जसं काय मशीनच भाकरी थापतं.

सरिताला सांग, वाढीव देते. मनगटाला तेल लावते. आणि नाव काढू नको हे तू सांगितलंस ते बेस केलंस, तसंच राहू दे. सगळ्या घरांत पोचू दे.

जीव लावतेस तसाच लाव, उपदेश कमी कर.
आत्या


महाड
९ जानेवारी २०२५

ती. स्व. आत्यास सा. न.
वि. वि. तुझं मनगट आणि तुझं डोकं, दोन्हींची काळजी वाटते.

सरिता सांगते, की तुमच्या वाडीतला हृतिक चार भाकऱ्यांशिवाय उठत नाही, आणि यशराज तर रोज दोन भाकऱ्या कागदात बांधून घरी नेतो. वडिलांना आजारपणानंतर तोंडाला चव नाही, फक्त ही भाकरी जाते, असं त्याने तिला सांगितलं. म्हणजे तुझ्या तव्यावरची भाकरी टोपलीतून महाडला येते आणि यशराजच्या डब्यातून पुन्हा तुझ्या शेजारच्या घरी जाते. मला हसावं की घाबरावं कळेना.

मला हे बरोबर वाटत नाही, आत्या. पोरांना न सांगता त्यांच्याकडून त्यांच्याच घरचा नियम मोडून घ्यायचा, यात आपण कोण ठरतो? विनीतला विचारलं तर तो म्हणतो, मुलं बिल भरून जेवतात, आणि तुझ्या आत्याच्या मधे पडायची माझी छाती नाही.

परवा बारावीला त्याच शब्दाचा कायद्यातला अर्थ सांगितला. कंपनी म्हणजे कायद्याने एक माणूसच. तिचं नाव वेगळं, मालमत्ता वेगळी, मालक मेला तरी ती मरत नाही. पण तिला अंग नाही. तिने काही वाईट केलं तर बोट कुणाकडे दाखवायचं? जो तो म्हणतो मी नाही, कंपनीने केलं. शिकवताना मला तुमची गावकीच आठवली. मामांच्या दिवशी मी दारं वाजवत फिरले होते. प्रत्येक दारातून आतून एकच उत्तर, आमचं काही नाही, गावकीने ठरवलंय.

म्हणून पुन्हा सांगते, जिला अंग नाही तिच्यावर सूड उगवता येत नाही. तिच्यासाठी कायदाच लागतो. विचार कर.

लोभाची आहेच, थोडी हट्टाचीही समज.
प्रियू


वरची उंबरवाडी
१२ जानेवारी

चि. प्रियूस अ. उ. आ.

अंग नसंल, तोंड पण नसंल. पोट हाय. आणि पोट कुठं असतं ते मला कुणी शिकवायला नको.

भिकाजी माझी भाकरी खातो हे वाचून मी एकटीच इतकी हसले, की दारावरून जाणारी साळूबाई थबकली. वर्सभर माझ्याशी बोलली नाय ती, तिला वाटलं असंल म्हातारी आता खुळी झाली. झाले तर झाले. खाऊ दे त्याला. चांगली तांदळाची, मऊ, लोण्यासारखी धाडते. चव लागू दे. एकदा चव लागली की तोडायला हात जड होतो.

शिमग्याला देवाची पालखी घरोघर फिरते. गेल्या साली माझ्या दारापुढनं ढोल बंद करून पळवत नेली, मी पंचारती घेऊन उभी होते. आता शिमगा येईस्तोवर गप्प बस. मुरू दे.

काळजी करतेस ती गोड लागते, पण मधे पडू नको.
आत्या


वरची उंबरवाडी
२ मार्च

ती. स्व. वहिनीस भिकाजीचा नमस्कार, वि. वि.

तुझ्याशी बोलायची बंदी हाय, लिहायची कुणी घातलेली नाय, म्हणून लिहितो. यशराज दाराच्या फटीतून टाकील. वाचून झालं की जाळ.

यशराज कंपनीतून भाकरी आणतो. त्याला ठाऊक नाय कुणाची. मला पयल्या घासाला कळलं. उकड काढताना तू मीठ घालतेस ते ह्या वाडीत दुसरं कुणी घालत नाय. लहानपणी दादाचं पत्र आलं की मी विचारायचो, ही कंपनी कोण, दादा तिच्याकडंच का राहतो. तू सांगायचीस, कंपनी दादाला जेवू घालते. मी बोलायचो, मग तू माझी कंपनी. तुला आठवत नसंल.

मी थांबलो नाय. दुसरं काय उतरत नाय घशाखाली. पण ही गोष्ट बाहेर गेली तर माझं गावकीतलं तोंड जाईल. म्हणून सांगतो, शिमग्याच्या आधी देवापुढं नारळ ठेव, चार माणसांत चुकले असं बोल. बाकीचं मी बघतो. पालखी तुझ्या दारात आणतो.

दादाला नेला तेव्हा मी वर सड्यावर उभा होतो. सगळं बघितलं. खाली येता येत नव्हतं, ठराव माझ्याच तोंडचा होता. माणसानं एकदा चार लोकांत बोललं की बोललं. तुला हे समजंल असं वाटतं.

थोरली हायस, पोटात घाल.
भिकाजी


वरची उंबरवाडी
४ मार्च

चि. प्रियूस आशीर्वाद.

भिकाजीचं पत्र सोबत धाडते. वाच आणि तुझ्या हातानं जाळ, माझ्या चुलीत मला ते नको.

पयल्या घासाला ओळखली म्हणतो. ओळखली आणि गिळली, आणि हात धुवून परत देवळात जाऊन बसला. त्याला ठाऊक नसतं तर मी त्याला सोडला पण असता एखाद्या वेळेस. पण ह्यानं जाणूनबुजून खाल्ली. रोज दोन. दार बंद करून माझ्या हातचं खायचं आणि दार उघडून मला बाहेर ठेवायचं. आणि वरून म्हणतो नारळ ठेव, चुकले बोल. काय चुकलं माझं? भुकेल्या माणसासंगं जेवले हे?

आणि सड्यावर उभा राहून बघत होता. भाऊ खाली चार खांद्यांवर हेलकावे खात चाललाय, तुझा पाय घसरला, मामांचं डोकं एका अंगाला गेलं, मी वरडले. ते सगळं त्यानं वरनं बघितलं. येता येत नव्हतं म्हणे. पायांना काय झालं होतं?

पोटात घाल म्हणतो. घातलं. आता ते पोटातनंच बाहेर काढते.

सरिताच्या खाणावळीत रोज काय शिजलं ते फळ्यावर लिहितात ना? उद्या टोपली पोचली की तिला म्हणावं, मोठ्या अक्षरात लिही, आजची भाकरी श्रीमती रखमा गोमाजी सकपाळ, वरची उंबरवाडी, ह्यांच्या चुलीवरची. आणि खाली लिही, भादव्यापासून रोजची पण त्यांचीच.

तुला पटलं नाय तर नको करू. मग मी स्वतः एसटीत बसून येते आणि कोळशानं भिंतीवर लिहिते.

माझ्यावर जीव असंल तर एवढं कर.
आत्या


महाड
६ मार्च

ती. स्व. आत्यास सा. न. वि. वि.

भिकाजीचं पत्र वाचलं आणि जाळलं. माझा पाय घसरला होता, हे मी विसरायचा प्रयत्न करत होते. तो माणूस वरून बघत होता, हे वाचल्यावर माझे कायद्याबियद्याचे सगळे शब्द आटले. मी स्वतः सुट्टी टाकून खाणावळीत गेले आणि फळा माझ्या हाताने लिहिला. अक्षर वळणदार आलं. इंग्रजीच्या बाईला त्याचा पगार मिळतो.

पहिल्या शिफ्टची पोरं आली. हात धुऊन बसली, अर्धी भाकरी खाऊन झाली, तेव्हा एकाने मान वर केली. त्याने शेजाऱ्याला कोपराने ढोसलं. मग एकेक मान वर होत गेली आणि एकेक हात थांबत गेला. कुणाच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. कोणी कुणाकडे बघेना. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. एक मुलगा उठून बाहेर बेसिनकडे पळाला.

यशराजने ताट बाजूला सारलं. त्याने कागदात बांधलेल्या दोन भाकऱ्या उलगडल्या, बघितल्या, पुन्हा बांधल्या. मग माझ्याकडे येऊन हळूच विचारलं, की बाबांना हे माहीत आहे का. मी म्हटलं, हे तू त्यांनाच विचार.

हृतिकने मात्र ताट पुढे सरकवून सरिताकडे आणखी एक भाकरी मागितली. आजवर एवढ्या खाल्ल्या आणि मेलो नाही, म्हणाला. दोघे-तिघे हसले. बाकीचे अर्धपोटी उठले.

संध्याकाळच्या गाडीने ही बातमी माझ्या पत्राआधी वाडीत पोचेल. आत्या, आता मात्र भीती वाटते. दार आतून लावून घे. गणूला झोपायला ओटीवर बोलाव.

माया पातळ होऊ देऊ नकोस, मीही या पापात आहे आता.
प्रियू


वरची उंबरवाडी
१६ मार्च

चि. प्रियूस अ. उ. आ. वि. वि.

दार उघडंच होतं. मी ओटीवर तांदूळ निवडत बसले होते.

पयलं कोण आलं सांगू? साळूबाई. वर्सानं उंबऱ्यात उभी राहिली आणि विचारलं, विरजण हाय का घरात. दुसरं काय बोलायचं तिला सुचलं नसंल. मी पण वाटीत घालून दिलं. मग तिथंच बसून रडली आणि सगळं सांगितलं.

देवळात गावकी बसली. ठराव काय होता, हिच्या चुलीचं खाईल तो बाहेर. आता घरटी एक पोर तरी कंपनीत, म्हणजे वाडीच बाहेर. कोण कुणाला काढणार? चांगू म्हातारा लई शहाणा, तो बोलला, कंपनीत खाल्लं ते कंपनीचं, त्याला चूल नसते, ते धरायचं नाय. सगळ्यांना हायसं वाटलं. भिकाजी पण मान हलवायला लागला.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं यशराजची रेश्मा उठली. भिकाजीची सून गो. देवळात कधी बाई बोलत नाय. ती बोलली, कंपनीत खाल्लेलं धरू नका, पण आमच्या घरात मामंजी रोज दोन खातात, घरच्या पाटावर बसून, ती कुठल्या कंपनीची? आणि त्यांना ठाऊक होतं कुणाची ती. यशराजनं विचारलं तेव्हा ठाऊक नव्हतं असं काय ते बोलले नाय.

साळूबाई सांगते, भिकाजी उठायला गेला आणि परत बसला. गाव करी ते राव न करी, आणि गाव एकदा गप्प बसलं की रावाचं काय होतं ते त्यानं बघितलं. रेश्माला आता घरात काय ऐकावं लागत असंल देव जाणे. तिला मी विसरणार नाय.

ठराव मोडला. माझा पण आणि गणूचा पण. शिमग्याला पालखी वाजत गाजत दारात आली, दोनदा नाचवली. मी पंचारती ओवाळली, देवावर माझा राग नाय. चांगूनं विचारलं, वहिनी आता मनात काय नाय ना? मी बोलले, ह्यांचं वर्षश्राद्ध वैशाखात हाय. आख्खी वाडी माझ्या अंगणात जेवली की मनातलं जाईल. सगळ्यांनी एका तोंडानं हो म्हटलं. स्वस्तात सुटलो असं वाटलं असंल.

भिकाजी मागं उभा होता. तो पण येईल. भावाचं श्राद्ध हाय, पयलं पान त्याचं.

तू येऊ नको. तू आलीस तर बोलशील, आणि ह्या जेवणात बोलायचं नाय.

रुसू नको, आणि माया तोडू नको.
आत्या


महाड
५ मे

ती. स्व. आत्यास सा. न.

येऊ नको म्हणालीस, येत नाही. पण ‘ह्या जेवणात बोलायचं नाय’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा काढून वाचते. काय करणार आहेस ते विचारलं तर तू तांदूळ कुठले घेतलेस ते लिहितेस.

तू जिंकलीस, आत्या. पालखी आली, पंगत बसेल, मामांच्या नावाने सगळे जेवतील. इथे थांबता येतं. त्या शब्दाचं एक सांगायचं राहिलं होतं. इंग्रजीत कायमची साथ सोडायची असेल तरी तोच शब्द घेऊन सांगतात, की आम्ही कंपनी तोडली. भाकरी एकदा मोडली की पुन्हा सांधत नाही, एवढंच मला म्हणायचं आहे. सूड घेणाऱ्यालाही शेवटी कुणाबरोबर तरी जेवायला बसावं लागतं.

सरिताने तुझ्यासाठी मनगटाचा पट्टा दिला आहे, टोपलीत आहे. घाल.

रागावलीस तरी लोभात कसर करू नकोस.
प्रियू


वरची उंबरवाडी
२० मे

चि. प्रियूस आत्याचे अनेक आशीर्वाद.

श्राद्ध काल पार पडलं. वडे, खीर, वालाचं बिरडं, भात आणि भाकरी. पट्टा घातला होता.

आख्खी वाडी आली. म्हातारेकोतारे, मुंबईवरनं सुट्टीला आलेले, तान्ही पोरं, सगळी. अंगणात पंगती बसल्या. वाढायला मी, गणू आणि गणूची बायको. आमचं आधीच ठरलं होतं, वाढायचं, पण घ्या म्हणायचं नाय. आणखी हवं का विचारायचं नाय. सावकाश होऊ द्या म्हणायचं नाय. पानं वाढून झाली आणि सगळी हात आखडून माझ्या तोंडाकडं बघत बसली. घरची बाई बोलल्याबिगर घास कसा घेणार? मी खांबाला टेकून उभी राहिले. वरती कावळा वरडत होता तेवढाच आवाज. शेवटी एका पोरानं वडा तोंडात घातला, मग चांगूनं मान खाली घातली आणि सुरू केलं, मग सगळ्यांनी. कुणाला पाणी पायजे तर खुणेनं मागत होते. वर्सभर मी कशी जेवत होते ते त्यांना एका जेवणात कळलं. साळूबाईच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि ती तशीच खात होती.

भिकाजी पयल्या पानावर. आम्ही वाढायला सुरुवात केली ती दुसऱ्या पानापासून. त्याला वाटलं चुकून राहिलं असंल. भात आला, तो पण दुसऱ्या पानापासून. भाकरी मी स्वतः वाढत होते. त्याच्यापुढं आले, त्यानं वर बघितलं, मी पुढं गेले. तेव्हा त्याला समजलं. शेजारी यशराजचं पान भरलेलं, त्याचा हात थांबला. भिकाजीनं त्याला डोळ्यानं खूण केली, जेव. तो जेवला.

पंगत उठेस्तोवर कुणी उठायचं नाय, हे आमच्या वाडीत भिकाजीच पोरांना शिकवतो. तो उठला नाय. वारा सुटला होता. भरलेली पानं जाग्यावर होती, त्याचं कोरं पान उडायला लागलं. त्यानं त्याच्यावर बोट ठेवलं. सगळी जेवत होती आणि तो एका बोटानं पान दाबून बसला होता. सगळ्यांनी बघितलं. मी तर डोळा हलवला नाय.

मला किती बरं वाटलं ते कागदावर येत नाय. हे गेले त्या दिवसापासून छातीत जे अडकलं होतं, ते हललं.

मग पंगत उठली. गणूची बायको हातावर पाणी घालत होती, सगळ्यांबरोबर त्यानं पण हात पुढं केला आणि धुतला. फडक्याला पुसला. फाटकाशी जाऊन उभा राहिला आणि चार माणसांना ऐकू जाईल असं बोलला, जेवण बेस झालं, पोटभर जेवलो. कुणासाठी बोलला, स्वतःच्या अब्रूसाठी की माझ्या, मला कळलं नाय. चांगू चप्पल शोधायला लागला. बायका पोरांना घेऊन निघाल्या. यशराज बापाला मागं ठेवून पुढं निघून गेला. वाटेवर सगळी होती, पण त्याच्या अंगाशेजारी कुणी नव्हतं. तो एकटाच काठी टेकत उतारानं चालला. आजारपणानं पाठ वाकलीय, मागनं थेट ह्यांच्यासारखा दिसतो.

वळणावर तो थांबला. दम लागला असंल, नायतर माझी वाट बघत असंल. मी ओटीवरच होते. भाकऱ्या परातीत शिल्लक होत्या, झाकायच्या राहिल्या होत्या.

तू विचारशील, आत्या, तुला कीव नाय आली का. आली गो. पण हाक नाय मारली.

तू तरी मला टाकू नको.
आत्या